शनवारची माफी

सांगलीच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत प्रभुभोजन तीन म्हैन्यातनं एकदा. आदल्या शनवारी तयारीची सभा. ज्याचं ज्याच्याशी वाकडं, त्यानं तिथं माफी मागायची, मगच ऐतवारी भाकरीला हात लावायचा. लढाईचा काळ, पाव मिळंना, म्हून पाळकीणबाई चपातीचंच बारीक तुकडं करायच्या.

आन् माफ्या तर लय झ्याक! एक म्हातारी हुबी ऱ्हायली. "ह्या बाईनं माझ्या कोंबडीला धोंडा मारला, कोंबडी लंगडी झाली, तरी मी हिला माफ केलं." धोंडेवाली म्हनली, "मीबी माफ केलं. हिची कोंबडी रोज माझी मेथी खाती, पर मी कवा बोलले का?" दोघी रडून गळ्यात पडल्या. सोमवारी धोंडा तयारच.

माझं वाकडं थोरल्या जावंशी. कारभारी लामावर, लढाईला गेलेले, घरात आमी दोघी आन् माझं पाच म्हैन्याचं पोर. त्याला ताप आला तवा माझ्या तोंडातनं गेलं, "आक्का, तुमचीच नजर लागली." तिला मूल न्हाई. ती तवापास्नं दोन म्हैनं बोलली न्हाई. भाकरी थापून माझ्याफुडं सरकवायची, पर पोराला हात लावंना.

त्या शनवारी सभेला सातारचे पाळकसाहेब आले हुते. ते म्हनले, मनात वैर ठिवून जो ही भाकर खाईल, त्यो शिक्षा खाईल. मी चौथीपातूर शिकलेली, पर येवडं कळलं, की मी खाईन ते दुधात उतरनार आन् दूध पोराच्या पोटात. माफी मागाय हुबी ऱ्हायले, तर नुसतीच खाकरत ऱ्हायले. पाळकीणबाईंना वाटलं खोकला झालाय, त्यांनी खडीसाखर दिली.

भाकर न खावी, तर मंडळी म्हननार हिनं काय पाप केलं? खावी, तर पोर! ऐतवारी त्याला पोटभर पाजून नेलं. शिक्षा दुधातनं जायाला किती येळ लागतो, हे कुनाला इचारू?

थाळी हातोहात आक्काकडं आली. तिनं तुकडा उचललाच न्हाई, थाळी माझ्याफुडं धरली.

"घे की."

"न्हाई. दुधातनं पोराला बाधंल."

"काय बाधंल?"

"शिक्षा. आक्का, मी नजरेचं लय वंगाळ बोलले. आदी माफ करा, मग खाते."

कुजबुजायला गेले, पर आवाजच मोठा निघाला. सगळ्या देवळात ऐकू गेलं. पोर दचकून जागं झालं आन् बोंबलाय लागलं. फुडनं मंडळीचे एक वडील वळून म्हनले, "आवं, माफी काल हुती!"

"काल हिला खडीसाखर दिली की तुमी," आक्का म्हनली. मग माझ्याकडं वळली. "यडी हायस व्हय गं? देव तान्ह्या पोराच्या दुधात इख कालवंल? मला लागलं ते लागलंच. अजून लागतंय. माफ करते, पर इसरायला येळ लागंल. दे त्याला हिकडं, आन् धर ही थाळी."

पोर तिच्या खांद्यावर गप झालं. मी दोन तुकडं उचललं, एक तिच्या हातात ठिवला. दोघींनी संगंच खाल्लं.

दुपारी पोराला पाजलं, आन् सांजपातूर घडीघडीला त्याच्या कपाळाला हात लावून बघत बसले.

आक्काबी बघत हुती.