संत ॲग्नेसच्या सणाचा तास

जानेवारीत आमच्या सदर भागातल्या चर्चमध्ये संत ॲग्नेसच्या सणाच्या मेणबत्त्या विझवल्या, की त्या वासाबरोबर मला नववीचा एक वर्ग आठवतो. मी तेव्हा जवळच्या कन्याशाळेत शिकवत होते. त्या सकाळी मी फळ्यावर क्रमाने मुद्दे लिहिले होते: प्राचीन रोम, जेमतेम तेरा वर्षांची मुलगी, लादलेल्या लग्नाला नकार, त्यासाठी पत्करलेले मरण. मग पायाशी कोकरू असलेले तिचे चित्र मी बाकांवरून फिरवले. एका विद्यार्थिनीने ते बराच वेळ हातातच धरून ठेवले. तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, “टीचर, माहं लगन जमवून राहिले घरी. तुम्ही बाबाले सांगा नं, ते तुमचं ऐकतील.” तिचे वडील मला खरोखरच मान देत. तरी मी म्हणाले, “घरच्या गोष्टी शाळेत आणू नयेत. आधी वहीतले उत्तर पूर्ण कर.” तिने विचारले, “मंग आम्हाले हे काहून शिकवता?” मी तो उद्धटपणा ठरवला आणि तिला पुढचा तासभर वर्गाबाहेर उभे केले. तिने पुन्हा काही विचारले नाही. महिन्याभरात तिचे लग्न झाले आणि हजेरीपटावरचे तिचे नाव मी पट्टी धरून, लाल शाईने, अगदी सरळ रेषेत कापले. आता मी निवृत्त आहे. सणाच्या दिवशी चर्चमधल्या मुलींना संत ॲग्नेसची गोष्ट सांगायला मला दरवर्षी बोलावतात. मी जात नाही. कारण विचारले, तर गुडघे दुखतात असे सांगते.