हजरत युनुस यांचा मासा कोणता?

मी माशाला नाव दिलं, तिथून सगळं सुरू झालं.

रविवारची सकाळ होती. सिंकमध्ये फ्रीजरमधून काढलेली सुरमई, माझ्या हातात सुरी आणि मागे टेबलाशी माझी अकरा वर्षांची लेक वही उघडून बसलेली. इथे बर्मिंगहॅममध्ये आमच्या रस्त्याच्या टोकाला मशीद आहे. शाळा सुटली की ती तिथल्या मदरशात जाते. मदरशाचा वार्षिक जलसा त्या शनिवारी होता. प्रत्येक मुलाने एका पैगंबराची गोष्ट सांगायची, असं ठरलं होतं. नूह, मूसा, ईसा यांच्यासाठी मुलांनी आधीच हात वर केले होते. हिच्या वाट्याला हजरत युनुस आले: चिठ्ठीत नाव निघून जहाजातून समुद्रात टाकले गेलेले आणि माशाने गिळलेले. (नावापुढे अलैहिस्सलाम, म्हणजे त्यांच्यावर शांती असो, म्हणायचं असतं. मी लिहिताना गाळलं, तरी वाचणाऱ्याने मनात म्हणून घ्यावं.)

"अब्बा, ऐका ना," ती वहीतून वाचू लागली, "नबी म्हणजे पैगंबर. प्रत्येक रसूल नबी असतो, पण प्रत्येक नबी रसूल नसतो. रसूल म्हणजे ज्याला मेसेज घेऊन लोकांकडे पाठवला."

"म्हणजे आमच्या कारखान्यात कसं, प्रत्येक मॅनेजर हा..."

"नो, अब्बा."

मी पुन्हा सुरमईकडे वळलो. पण थोडाच वेळ. आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कोणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. मग लेकीने सहज विचारलं, "तो मासा कुठली होती?"

आता मी जयगडचा, समुद्रकाठचा माणूस. आमच्याकडे नुसतं 'मासा' म्हणून चालत नाही. तसं म्हणणं म्हणजे नुसतं 'एक माणूस आला होता' म्हणण्यासारखं. कोण, कुणाचा, कुठला, हे सांगावं लागतं. हातात सुरमई होती, म्हणून तोंडातही सुरमईच आली.

"सुरमई," मी म्हणालो. "मोठी. हिच्या शंभरपट."

तिने लगेच लिहून घेतलं. कोणी आपलं बोलणं लिहून घेतंय, हे दिसल्यावर माणसाचं काय होतं ते मला विचारा. मी सुरी खाली ठेवली. हजरत युनुस यांचं जहाज मी जयगड बंदरातून सोडलं. तांडेल, म्हणजे जहाजाचा कप्तान, केला तो आमच्या वाडीतला. त्याची मिशी भिजू नये म्हणून त्याने तुफानात ती रुमालाने बांधली होती. माशाच्या पोटात शेवाळाचा वास होता आणि आत एक वाट चुकलेली कोलंबी रडत होती. किनाऱ्यावर आल्यावर हजरतांच्या डोक्यावर सावली कशाची, तर दुधीच्या वेलाची.

"अहो," बायको कांदा चिरता चिरता म्हणाली, "पैगंबरांची गोष्ट आहे. जरा जपून."

"मुलांना रंगवून सांगितलं की लक्षात राहतं," मी म्हणालो. मीठ-हळद लावलेल्या हाताने मी हे इतक्या अधिकाराने म्हणालो, की आज आठवलं तरी कान गरम होतात.

बुधवारी मी तिला आणायला मशिदीपाशी गेलो. बर्मिंगहॅमचा नेहमीचा बारीक पाऊस. ती गाडीत बसली, कोटाचं हूड डोक्यावर ओढलेलं. बेल्ट लावला आणि खिडकीकडे तोंड केलं.

"काय गं? झाली प्रॅक्टिस?"

दोन सिग्नल गेले. मग एकदम म्हणाली, "सगळे हसले मला. त्या कोलंबीला तर खूपच हसले. मग आपा म्हणाली, हे कुराणमध्ये नाहीये. पैगंबरांबद्दल आपण आपल्या मनाचं ॲड करायचं नसतं." 'आपा' म्हणजे त्यांच्या बाई.

"अगं, ते जरा..."

"आणि मी फोनवर बघितलं. सुरमईच्या पोटात माणूस जाणारच नाही. मी पण नाही जाणार. मी मोजलं."

मला हसू आलं आणि तिने ते आरशात पाहिलं. तिथे माझी दुसरी चूक झाली.

"तुम्ही मला खोटं सांगितला," ती म्हणाली. तिची क्रियापदं रागात नेहमीच मुलगा होतात, पण त्या क्षणी मला ते सुधारायचा धीर झाला नाही. "मग मी जन्मली तेव्हा बर्फात गाडी अडकली आणि पोस्टमनने ढकलली, ते? ते पण खोटा? अम्मीने तुमच्या पत्राला लाल पेनने मार्क दिले, ते?"

"ते खरं आहे! ते पत्र घरात आहे!"

"मला कसं कळणार?" ती म्हणाली. "मी शनिवारी बोलणार नाही. आणि जेवणानंतरची स्टोरी पण नको मला आता. कधीच."

जेवणानंतर मी टेबलाशीच रोज एक गोष्ट सांगतो. ती चार वर्षांची असल्यापासून. त्या दिवशी जेवण झालं, तिने ताट सिंकमध्ये ठेवलं आणि ती वर निघून गेली. मी रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसलो. बायको टेबल पुसत होती.

माझा धंदा सांगितला तर तुम्ही हसाल. मी इंजिनिअरिंगच्या कारखान्यात तपासनीस आहे. ड्रॉइंगमध्ये जे आहे तेच पार्टमध्ये आहे का, हे बघायचं. केसाएवढा फरक दिसला तरी मी माल परत पाठवतो. लोक मला पाहून चहाचा कप लपवतात. आणि घरी येऊन याच माणसाने अल्लाहच्या पैगंबराच्या गोष्टीत कोलंबी घातली.

गुरुवारी कामावरून सुटल्यावर मी आपांना भेटायला गेलो. वय तिशीचं, जन्म इथलाच, बोलणं सरळ. मी माफी मागायला सुरुवात केली, तीही मोठी प्रस्तावना करून, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"कोलंबी का रडत होती?" त्यांनी विचारलं.

"चुकली होती."

त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, गोष्ट सांगू नका असं मी म्हणत नाही. पण नबींबद्दल बोलताना काय आलेलं आहे आणि काय आपलं आहे, हे मुलाला वेगळं करता आलं पाहिजे. तुम्ही दोघं बसा आणि तिच्याबरोबर वाचा. तिला सांगून नका टाकू, तिलाच शोधू द्या.

शुक्रवारी संध्याकाळी मी टेबलावर कुराणाचं मराठी भाषांतर ठेवलं. शेजारी तिचं इंग्रजी. ती दाराशी उभी राहिली.

"मला मदत पाहिजे," मी म्हणालो. "मला खरंच माहीत नाही काय कुठलं आहे ते."

ती आली. बसली मात्र माझ्यापासून एक खुर्ची सोडून. दप्तरातून दोन पेनं काढली. "हिरवा कुराणचा. गुलाबी तुमचा." आणि वहीतली माझी गोष्ट समोर ठेवून तिने तपासणी सुरू केली. मी इतकी वर्षं लोकांचे पार्ट तपासतोय, पण समोर बसून तपासलं जाताना कसं वाटतं हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

हजरत युनुस रागावून निघून गेले. हिरवा. भरलेलं जहाज. हिरवा. जयगड. गुलाबी. तांडेल, मिशी, रुमाल. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यांचं नाव निघालं. हिरवा. मासा. हिरवा. सुरमई. इथे तिने इतकी दाबून रेघ मारली की कागद फाटला.

"ते सोडून गेले त्या नगराचं नाव पण नाहीये," ती पानं उलटत म्हणाली. "माशाचं पण नाही. किती छोटी आहे ही स्टोरी!"

खरंच छोटी होती. चार ठिकाणी मिळून काही ओळी. पण अंधारात माशाच्या पोटात त्यांनी केलेली दुआ होती: तुझ्यावाचून कोणी नाही, तू पवित्र आहेस, चूक माझीच होती. ती लेकीने आधी अरबीत म्हटली, मग इंग्रजीत, मग जरा थांबून मराठीत, माझ्याकडे न बघता. मी म्हणालो, "माझीपण." तिने ऐकलं असावं, कारण ती मधल्या खुर्चीवर सरकली.

मग दुधी आला. तिने गुलाबी पेन उचललं.

"थांब," मी म्हणालो. "वाच तर."

ती वाचू लागली आणि थांबली. पुन्हा वाचलं. त्यांच्यावर एक वेल उगवला, भोपळ्याच्या जातीचा.

"आहे!" मी खुर्चीवरून उठलोच. "दुधी आहे! मला वाटलं मीच घातला!"

"दुधी नाही, गॉर्ड आहे."

"दुधी गॉर्डच असतो! अगं, ऐकलंस का," मी स्वयंपाकघराकडे ओरडलो, "माझं एक बरोबर आलं!"

"एक," बायको आतून म्हणाली.

त्या आनंदात मी वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे तर हिरवंच आहे. मासा त्यांना किनाऱ्यावर सोडून परत निघाला, तेव्हा त्याने तीनदा मागे वळून पाहिलं."

तिने शोधलं. मराठीत मी शोधलं. चारही ठिकाणी पुन्हा शोधलं. मासा कुठेही मागे वळून पाहत नव्हता.

मी बसलो. हे मी बनवलेलं नव्हतं. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलेलं. ते मालवाहू जहाजांवर खलाशी होते. दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. सुट्टीत ते ही गोष्ट मला सांगत, आणि मासा वळून पाहतो तिथे प्रत्येक वेळी थांबत. माझी पन्नाशी जवळ आली, तरी मी ते कुराणातलं समजत होतो. निकाहाच्या आधी बायकोलाही मी ते सांगितलं होतं, चांगला दीनदार, धर्म पाळणारा मुलगा वाटावं म्हणून.

"मग गुलाबी?" लेकीने हळूच विचारलं.

"माझं नाही ते. दादाचं आहे." दादा म्हणजे तिचे आजोबा; त्यांना तिने फक्त फोटोत पाहिलं आहे.

तिने दोन्ही पेनांकडे पाहिलं. मग दप्तरात हात घालून निळं काढलं. त्या ओळीखाली सावकाश, सरळ रेघ मारली. आणि म्हणाली, "दादाचं मला आवडलं. तुमच्यापेक्षा चांगलं आहे."

"ते तर दिसतंच आहे."

"कोलंबी पण वाईट नव्हती," ती म्हणाली. "मी बोलते उद्या."

शनिवारी मशिदीचा हॉल भरला होता. पुढे मुलं, मागे आया, भिंतीला लागून टोप्या घातलेली म्हातारी मंडळी. सामोशांचा वास मायक्रोफोनपर्यंत पोचला होता. हजरत नूह यांचं जहाज झालं, हजरत मूसांची काठी झाली. मग आमची लेक उभी राहिली. बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे गुडघा हलायचा थांबवला.

तिने सगळं हिरवं सांगितलं, एकही शब्द न वाढवता. राग, जहाज, चिठ्ठी, मासा, अंधार. दुआ म्हटली तेव्हा म्हाताऱ्यांनी तिच्याबरोबर ओठ हलवले. वेल सांगितला. मग लाखाहून अधिक लोकांकडे त्यांना पाठवलं आणि त्या सगळ्यांनी ऐकलं, हे सांगितलं. मला वाटलं, झालं.

पण ती बसली नाही. वहीचं पान उलटून इंग्रजीत म्हणाली, "आता जे कुराणात नाही ते. हे फक्त आमच्या घरचं आहे. माझ्या अब्बांना मासा सुरमई वाटतो. माझे दादा खलाशी होते, त्यांना वाटायचं की मासा परत जाताना तीनदा मागे वळून बघतो. खरं काय ते अल्लाहला माहीत." आणि बसली.

मी आपांकडे पाहिलं. त्या हसत होत्या, आणि मग सगळा हॉल हसला. बुधवारी मुलं हसली तसा नाही. भिंतीपासून आमच्याकडचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "सुरमई? सुरमईच्या पोटात काय मावणार? मुशी म्हण, मुशी! शार्क!"

"मुशीला दात असतात, चाचा," दुसरा म्हणाला. "हजरतांना तर ओरखडा नाही आला."

"मग देवमासा," तिसरा म्हणाला.

"देवमासा आपण खातो काय? त्याचं तू काय सांगतोस!"

सामोसे संपले तरी तो वाद चालू होता. तीन जणांनी येऊन मला त्यांच्या त्यांच्या वडिलांनी कोणता मासा सांगितला होता ते सांगितलं. एकाचा तर गोड्या पाण्यातला होता. प्रत्येक जण शेवटी खांदे उडवून, "बाकी अल्लाहला ठाऊक," म्हणत होता आणि पुढचा सामोसा उचलत होता.

घरी परतताना लेक मागच्या सीटवर पाय हलवत बसली होती. पुढच्या वर्षीची वाटणी आपांनी आत्ताच करून टाकली होती.

"मला हजरत सुलेमान मिळाले," ती म्हणाली. "त्यांना प्राण्यांचं बोलणं समजायचं. त्यांची फौज येत असते तेव्हा एक मुंगी बाकीच्यांना सांगते, घरात जा, नाहीतर चिरडून जाल. आणि सुलेमान ते ऐकून हसतात. ते हसतात, हे कुराणात आहे, मी बघितलं." मग दोन्ही सीटच्या मधून तिचं डोकं पुढे आलं. "अब्बा, ती मुंगी कुठली होती?"

मी आरशात पाहिलं. ती खरंच विचारत होती, आणि वही उघडी नव्हती. पुढचा सिग्नल हिरवा झालेला मला कळलाच नाही, मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पुढे काढली आणि बायकोकडे चोरून पाहिलं.

"आता का गप्प?" बायको म्हणाली. "सांगा की तिला. आधी कुराणाच्या आयतीत काय आहे ते सांगा, मग मुंगी दापोलीची सांगा, माझ्या माहेरची. दरवेळी तुमचंच जयगड काय म्हणून?"