ओसिंगची वाट

आमच्या किनाऱ्यावरची खारफुटी राखीव झाली, तेव्हा आम्हा रोपं लावणाऱ्या बायकांना वाटलं, आता पाट्या लागतील आणि काम संपलं. मनांग ओसिंगला, म्हणजे आमच्या ओसिंगताईला, तसं वाटलं नाही. ती म्हणाली, जंगल वाचवलंत, पण बघणार कोण? चिखलात पाय घालू शकतो तोच ना?

ओसिंगला लहानपणी पोलिओ झाला. चाकाच्या खुर्चीतूनच ती शहरात गेली, नकाशे काढायला शिकली, तिथल्या वास्तुकाराकडे कितीतरी वर्षं राबली आणि आईच्या आजारपणात गावी परतली. नगरकचेरीने खारफुटीतून फळ्यांची वाट बांधायची ठरवली आणि तिचा आराखडा ओसिंगलाच काढायला सांगितला, कारण फुकट करणारं दुसरं कोणी नव्हतं.

तिने मन लावून केलं. आंधळा तियो बास्त्यान, म्हणजे आमच्या सगळ्यांचा काका, त्याला तिने ओहोटीच्या वेळी बांधावरून चालवलं. काठी कुठे अडखळते ते पाहिलं आणि फळ्यांच्या कडेला बुटकी पट्टी आखली. खुर्चीचं चाकही तिथेच अडेल, घसरणार नाही. तोंडाशी लांबलचक, अगदी हलका उतार. फलक बसलेल्या माणसाच्या नजरेला येतील एवढे खाली, तिरके, आमच्याच बोलीत. लाकडात कोरलेला खेकडा, चाचपून कळावा म्हणून. खाली लिहिलं होतं, 'हा तुमच्या आधीपासून इथे राहतो. जपून चाला.'

उद्घाटनाच्या सकाळी मी तिची खुर्ची ढकलत नेली आणि दोघी थांबलो. उतार नव्हता. त्याच्या जागी सिमेंटच्या पायऱ्या, वर रंगीत कमान, कमानीवर मेयरचं नाव. फलक उंच खांबांवर चढवलेले, तेही इंग्रजीत. खेकडा तर अशा उंचीवर की उभ्या माणसाचाही हात पोचू नये.

पर्यटन अधिकारी मिस्टर गालेगो धावत आले. उतारामुळे फोटोत इस्पितळासारखं दिसलं असतं, म्हणाले. आणि खेकड्याला सगळे हात लावून खराब करतील. सांगताना त्यांना जराही लाज वाटली नाही. उलट हसून म्हणाले, "मनांग, काळजी कशाला? चार गडी ठेवलेत. अलगद उचलतील, राणीसारख्या वर जाल."

ओसिंगचा आवाज चढला नाही. तिने विचारलं, "आणि उद्या मी एकटी आले तर?"

"उद्याचं उद्या बघू की."

"मी वाट आखली होती, सर. पालखी नाही."

गडी पुढे आले तशी तिने खुर्चीला ब्रेक लावला आणि हात मांडीवर ठेवले. माणसाला न विचारता उचलायचं कसं, हे त्या बापड्यांनाही कळेना. तियो बास्त्यान तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग आमच्या बायका. मेयर आले, बँड वाजला, फीत कापली गेली. जाताना मेयरनी ओसिंगच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. खाली मजकूर काय, तर अपंगांचा सन्मान. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तिने कचेरीत जाऊन तक्रार केली. कायदा दाखवला. उत्तर मिळालं की पुढच्या वर्षी पाहू. तेव्हा आमच्यातल्या नेनितालाच आठवलं, की उताराच्या फळ्या कचेरीच्या गोदामामागे पावसात कुजत पडल्यात. आम्ही त्या दिवसाउजेडी उचलून आणल्या, नवऱ्यांना कामाला लावलं आणि ओसिंगने सांगितल्याबरहुकूम उतार पायऱ्यांच्या शेजारी ठोकला. दुपारी सगळ्यांनी केळीच्या पानावर भात आणि सुकी मासळी खाल्ली.

मिस्टर गालेगो आले, विद्रूप दिसतंय म्हणाले. ओसिंग म्हणाली, "तक्रार लिहा. माझं नाव घाला, स्पेलिंग मी सांगते."

त्यांनी लिहिली नाही. उतार कोणी काढलाही नाही.

ओसिंग आता स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर जाते. तियो बास्त्यानसाठी नेनिताच्या नवऱ्याने नवा खेकडा कोरून कठड्याला बांधलाय. तियोने पहिल्यांदा त्याच्या बारक्या नांग्या चाचपल्या आणि म्हणाला, "अरे, ही तर मादी आहे!" आम्ही पोट धरून हसलो. बाकीचे फलक मात्र अजून वरच आहेत. ते उतरवायला मोठी शिडी लागते, ती नगरकचेरीत आहे, आणि दर सोमवारी ओसिंग ती मागायला जाते.