मोकळ्या जागेवरचे बोंबील

बोईसरच्या एका कारखान्यात मी नकाशांच्या विभागात काम करते. कुठला पाइप कुठून जातो, व्हॉल्व्ह कुठे बसतो, याची चित्रं कॉम्प्युटरवर असतात आणि साहेब लोक फोनवरूनच त्यांवर खुणा करतात, सह्या ठोकतात. फोन कॉम्प्युटरला जोडायचा, काचेवर बोट फिरवायचं, की रेघ पलीकडच्या कागदावर उमटते. मला यात काही विशेष वाटत नसे. ते वाटायला आईच्या हातात फोन द्यावा लागला.

झालं असं की, किनाऱ्यावरच्या आमच्या गावात सरकारी सुशोभीकरणाचा नकाशा आला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ. बाकं, दिवे, चालायला फरसबंदी, आणि त्या सगळ्याच्या खाली दोन शब्द: 'मोकळी जागा'. ती मोकळी जागा म्हणजे आमच्या वलांड्यांची जागा. बांबू रोवून, दोऱ्या ताणून आई आणि गावातल्या बायका तिथे बोंबील वाळत घालतात. मोजणीवाले आले होते भर आषाढात. तेव्हा होड्या वर ओढलेल्या, वलांड्या सोडलेल्या, बांबू घरोघरच्या पडवीत रचलेले. त्यांना वाळू दिसली, त्यांनी वाळू लिहिली. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! पण जागा गेली तर आईने बोंबील काय माझ्या बोईसरच्या गॅलरीत वाळत घालायचे? हरकत सोमवारपर्यंत पाठवायची होती आणि वलांड्या उभ्या राहायला अजून महिना होता. दाखवायचं ते कागदावरच दाखवणं भाग होतं.

रविवारी लॅपटॉप घेऊन गावी गेले. नकाशा उघडला, फोन जोडला आणि आईला म्हटलं, "कुणाची वलांडी कुठे असते, ते बोटाने काढ."

आईचं बोट काचेला पटेना. जन्मभर मीठ-पाण्यात राठ झालेलं ते बोट, फोन त्याला ओळखच देईना. आईने बोट पदराला पुसलं, त्यावर फुंकर मारली, शेवटी असं दाबलं की मी फोन खालून धरला. रेघ उमटली ती लॅपटॉपवर.

"अगो बाय! बोट इकडं नि रेघ तिकडं? भूत हाय काय यात?"

भुताशी दोस्ती व्हायला तिला पाच मिनिटं पुरली. मी सांगितलं होतं, नुसते चौकोन काढ. तिने बांबू काढले, दोऱ्या काढल्या, मग दोरीवर एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील काढायला घेतले. एकेक. दोन दोन.

"आई, बोंबील नकोत. साहेबांना जागा कळली की बस."

"बोंबलाशिवाय कळंल? उद्या बोलतील, बायका कपडे वाळवतात."

कारखान्यात एवढ्या वर्षांत माझी इतकी बिनतोड दुरुस्ती कुठल्या साहेबाने केली नसेल.

एका दमात तिने बारा वलांड्या काढल्या. कुणाची कुठली, ते ती सांगत होती आणि मी लिहीत होते. मग बोट थांबलं. आपली वलांडी तिने काढली होती, पण तिच्या शेजारची जागा कोरी होती. ती शेजारणीची. दोघींच्या वलांड्यांमध्ये दोन हात वाळू आहे आणि ती कुणाची, यावरून सात वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. लग्नाकार्यात, मयतीतसुद्धा नाही. शेजारणीची वलांडी नकाशात नसती, तर फरसबंदी नेमकी तिथूनच गेली असती. खरं सांगते, मला भीती वाटत होती, की आई फोन खाली ठेवेल.

आईने परत बोट पुसलं. शेजारणीची वलांडी काढली, सगळ्यात सावकाश. आणि तिचा बांबू रोवला तो त्या दोन हातांच्या अलीकडे, आपल्या वलांडीला लागून. म्हणजे जागा शेजारणीला दिली. वर तिच्या दोरीवर बोंबीलही भरपूर टांगले.

"चुकून इकडे आला बांबू," मी म्हटलं. "पुसू?"

"पुसू नको," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. तिचे डोळे मला दिसू नयेत म्हणून गेली, हे न कळण्याइतकी मी मूर्ख नाही.

संध्याकाळी एकेक बाई सही करायला आली. फोनवर सही करायची म्हणून दोघी तर केसात गजरा माळून आल्या. सगळ्यात शेवटी शेजारीण, सात वर्षांनी आमच्या उंबऱ्यात. तिने लॅपटॉपमध्ये डोकं घालून बघितलं, बांबूवर बोट ठेवलं.

"ही जागा माजी नाय."

"काढलंय ते काढलंय," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "सही कर. बोट पुसून घे आदी, नायतर उमटत नाय."

शेजारणीने माझ्या आईच्या पदराला बोट पुसलं आणि सही केली.

त्याच रात्री मी हरकत पाठवली. पुढे नवा नकाशा आला. त्यात फरसबंदी वळून मागच्या रस्त्याने गेली होती. पावसाळा सरल्यावर वलांड्या उभ्या राहिल्या तेव्हा मी मुद्दाम गेले. आईने आपला बांबू ते दोन हात सोडून रोवला होता, आणि शेजारणीनेही ते सोडूनच. किनारा बोंबलांनी भरलेला आणि मध्ये तेवढी वाळू मोकळी. दुपारी दोघी तिथेच बसतात, कावळे हाकतात आणि ही जागा तुझी, नाय तुझी, म्हणून मोठमोठ्याने भांडतात.