वायपरची दांडी

आमच्या गाडीच्या वायपरच्या स्विचात मी शिवणमशीनचं तेल ओतलं होतं. थेंब-दोन थेंब नव्हे, कुपीचं तोंड लावून चांगलं भरपूर. त्या वयात माझी पक्की समजूत होती, की जे अडतं ते तेलाने चालतं. मशीन, दाराची बिजागरी, नवरा. नवऱ्यासाठी ते भज्यांच्या कढईत घालायचं, एवढाच फरक.

गाडी जुनी, दुसऱ्याने वापरून विकलेली. आमचे हे दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगवर कामाला होते, त्यामुळे कपड्यांवरून रुईचे तंतू रोज गाडीत यायचे. चालवायची मात्र मी. तेव्हा दिग्रसात गाडी चालवणारी बाई दिसली, की लोक चहाचा कप खाली ठेवून बघायचे. आणि त्यांनी बघावं म्हणून मी बाजाराला जास्तीच्या चकरा मारायची. पावसाच्या झडीच्या दिवसांतसुद्धा डोळ्यांवर काळा चष्मा! त्या चष्म्यातला माझा एक फोटो आहे. तो पाहिला की वाटतं, या बाईला समोरचा रस्ता दिसत तरी होता का?

तर स्टिअरिंगच्या डाव्या बाजूची ती वायपरची दांडी आधी फक्त जरा अडायची. माझ्या तेलानंतर ती वर केली, की आपली आपण खाली पडू लागली. हाताने वर धरून ठेवली तर वायपर चाले, सोडली की बंद.

त्याच पावसाळ्यात सासूबाईंना डोळे दाखवायला दर आठवड्याला यवतमाळला न्यावं लागत होतं. सासूबाई राहायच्या कुंपणापलीकडे, थोरल्या जाऊबाईंकडे, गाडी माझ्याकडे, आणि आम्हा दोघी जावांचं बोलणं बंद. कारण ऐकाल तर हसाल. घरं वेगळी झाली तेव्हा पाटा त्यांच्या वाटणीला गेला आणि वरवंटा माझ्या. दोघींनीही दिला नाही. त्यांनी मिक्सर घेतला, म्हणून मीही घेतला.

पहिल्या खेपेला जाऊबाई सासूबाईंसोबत मागे बसल्या, तोंड खिडकीकडे करून. दारव्ह्याच्या अलीकडे झड लागली. एक हात स्टिअरिंगवर, एक हात दांडीवर, गिअर कशाने टाकू? गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बोलायचं तर नव्हतं. मी नुसती खाकरले. थोड्या वेळाने मागचं दार वाजलं, आणि जाऊबाई पदर डोक्यावर घेऊन पुढे येऊन बसल्या. त्यांनी दांडी वर धरली.

मागून सासूबाई म्हणाल्या, "मले दिसत नाही म्हणून यवतमाळले नेऊन राह्यल्या, अन् चालवणारीलेच दिसून नाही राह्यलं! एक पाटा नाही सांभाळला दोघींनी, आता दांडी धरा."

आधी जाऊबाईच हसल्या.

मग दर आठवड्याला तेच. वायपर कधी लावायचा, कधी जरा थांबवायचा, समोरून ट्रक आला की चिखल उडायच्या आधीच कसा पुसायचा, सगळं त्यांच्या हातात. बोलता बोलता माझं-त्यांचं जुंपलं आणि मी ऐकेनाशी झाले, की त्या सरळ दांडी सोडायच्या. काच आंधळी. मला गाडी उभी करावी लागे आणि त्यांचं पूर्ण ऐकून घ्यावं लागे. "पटलं का?" असं विचारून मगच दांडी वर. अशा रीतीने दहा वर्षांची भांडणं आम्ही दिग्रस ते यवतमाळ निकालात काढली.

सासूबाईंचे डोळे बरे झाले. तरी आभाळ आलं, की जाऊबाई कुंपणापलीकडून विचारायच्या, "काय वं, वायपर धरायले येऊ का?" मग यवतमाळला काहीतरी काम निघायचंच. कधी ब्लाउजपीस, कधी तेही नाही.

हात उंच धरून त्यांचा खांदा दुखू लागला. बामाचा वास गाडीत यायचा, पण त्या कबूल करत नव्हत्या. म्हणून मी गुपचूप गाडी वायरिंगवाल्याकडे नेली. त्याने स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, स्विच उघडला आणि मोठ्याने हसला. "काकू, समई लावली का जी इथं?" आत तेल आणि रुई मिळून चांगली वात झाली होती. त्याने पेट्रोलने सगळं धुतलं, तांब्याच्या पट्ट्या घासल्या, दांडीला जागेवर धरणारी बारकी स्प्रिंग नवी टाकली. दांडी वर केली. टक्. तिथेच राहिली.

आता नात गाडी चालवते आणि मी बाजूला, म्हणजे जाऊबाईंच्या जागेवर बसते. तिच्या गाडीचा वायपर थेंब पडला की आपोआप चालू होतो. तरी पाऊस आला की माझा हात स्टिअरिंगकडे जातो. ती ओरडते, "आजी, हात मागे घे!" मी म्हणते, "दांडी माझ्या हातात नसली, तर तू माझं ऐकशील कशी?" तिला वाटतं, म्हातारी गंमत करते. करतेच. जाऊबाई गेल्यावर त्यांच्या सुनेने पाटा माझ्याकडे पाठवून दिला. आता पाटा-वरवंटा एकाच कोपऱ्यात आहेत, आणि मी चटणी मिक्सरमध्ये करते.

तर, सांगायची राहिली ती वायपर दुरुस्त झाल्यानंतरची पहिली झड. सकाळपासून माझा जीव कुंपणाकडे लागलेला. त्या बाजूला बसल्याशिवाय मला जायचंच नव्हतं. पण आता बोलवायचं कोणत्या निमित्ताने? "नुसत्याच चला, मला करमत नाही," एवढं म्हणायला जीभ उचलेना. इतकी ताठ होते मी! वर स्वतःची समजूत घातली, की बिचारीचा खांदा दुखतो, कशाला त्रास द्या. आणि हॉर्नही न वाजवता निघून गेले.

काच कशी लख्ख. वायपर आपला जातोय, येतोय. दारव्ह्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. यवतमाळच्या बाजारात एक चक्कर मारली आणि काहीही न घेता परतले.

घरी आले तर जाऊबाई फाटकाशी उभ्या, छत्री धरून. अंगावर यवतमाळला जायची हिरवी साडी, हातात भज्यांचा डबा. माझ्या शहाणपणाचा कळस बघा: मी काच खाली केली, दांडी वर करून दोन्ही हात हवेत धरले आणि म्हणाले, "बघा जाऊबाई, हात लावायची गरजच नाही आता!"

त्यांनी वायपरकडे एकदा पाहिलं. मग डबा खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "वायपर सुधरला, चांगलं झालं. पर मी काय तुह्या वायपरसाठी येत होती का वं?"