‘जरासं’ म्हणायचं नाही

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नंबर लागायची वाट बघत बसले होते. फोन त्यांच्या यजमानांचा, अविनाशदादांचा. “शैला गेली गं,” एवढंच म्हणाले. आणि हा डॉक्टर मला मिळवून दिला होता तो शैलाताईंनीच... पाच आठवडे झाले, ते मनातून जात नाही.

पुण्याहून आम्ही उइटहॉर्न या डच गावात आलो तेव्हा लेक दोन वर्षांची होती. हाउसआर्ट्सच्या चिठ्ठीशिवाय इथे हॉस्पिटलातला डॉक्टर बघत नाही, आणि फोन करावा तिथे एकच उत्तर, नवे पेशंट घेत नाही. विमा आहे, डॉक्टर नाही! मी अगदी रडकुंडीला आले होते. एका हळदीकुंकवात शैलाताई भेटल्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, आता घरीच कपडे आल्टर करून देणाऱ्या. दुसऱ्याच दिवशी सायकलवर हजर! “फोनवर कुणी दाद देत नाही, तोंड दाखवायला लागतं,” म्हणत त्यांनी मला तीन दवाखाने हिंडवले. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या बाईंशी डचमध्ये काय बोलल्या कोण जाणे, फॉर्म हातात पडला. बाहेर आल्यावर माझी शिकवणी. “ऐक, फोनवर विचारतात, किती दुखतंय? आपल्या बायका म्हणतात, जरासं. झालं! पॅरासिटामॉल घ्या म्हणतात नि फोन ठेवतात. जरासं म्हणायचं नाही.” एका चिठ्ठीवर दवाखान्याच्या नंबराखाली तेच लिहून, खाली दोन रेघा मारून दिलं. पुढे लेक तापाने फणफणली तेव्हा मी तसंच ठणकावून सांगितलं, आणि तासाभरात आत घेतलं.

या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. विचारलं तर म्हणाल्या, “काही नाही गं, जरासं.” आणि मी हसले! “तुम्हीच म्हणता होय?” म्हणून चेष्टा केली, चहा प्यायले, घरी आले. दादांनी नंतर सांगितलं, तिने दवाखान्यात दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा डचमध्येही तेच म्हणाली, ‘जरासं’. तिसऱ्यांदा दादाच घेऊन गेले, तोवर आजार पसरला होता. मला शैलाताईंचा राग येतो. त्याहून जास्त माझा येतो. त्या दिवशी सायकलवर बसवून न्यायला हवं होतं त्यांना, जसं त्यांनी मला नेलं होतं.

ती चिठ्ठी आमच्या फ्रिजवर अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. काल दुपारी दादांना फोन केला, जेवलात का विचारलं. म्हणाले, “हो... जरासं.”

चिठ्ठी समोरच होती. या वेळी मी हसले नाही. “थांबा, येतेय मी,” म्हटलं, डबा भरला आणि सायकल काढली.