रखमाने परत केलेला टोप

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. आजही हसते! पण एका टोपाचं कोडं काही अजून सुटलेलं नाही, म्हणून हे लिहितेय...

पन्नासच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत मांडवीला, बंदराच्या बाजूला आमचं बिऱ्हाड होतं. माझं नुकतंच लग्न झालेलं आणि अंगात समाजसेवेचा उत्साह! आळीतल्या आम्ही बायकांनी 'मूठ' सुरू केली होती — रोज भात शिजवायच्या आधी प्रत्येकीने मूठभर तांदूळ बाजूला काढायचे. ते आमच्या पडवीतल्या कणगीत जमायचे आणि अडल्यानडल्या घरी जायचे. पावसाळ्यात होड्या बंद, मुंबईच्या मनीऑर्डरी रखडलेल्या... कणगीला उसंत नसायची.

पंचाईत वेगळीच होती. ज्यांना खरी गरज, तेच घ्यायला तयार नसत. खालच्या आळीतली हाजरा त्यातलीच. नवरा बोटीवर खलाशी, कित्येक महिने ना पत्र ना पैसे. पोरं पेजेच्या पाण्यावर. मी दोनदा तांदूळ घेऊन गेले, दोन्ही वेळा तिने हसून दारातूनच वाटेला लावलं.

"आमाला काय झालंय गो? ज्याला नाय त्याला दे."

मला तर रागच यायचा. पोरांच्या पोटापेक्षा मान मोठा का?

श्रावणातली दुपार होती, पाऊस उघडला होता. मी पडवीत तांदूळ पाखडत बसले होते. मान वर केली तर पायरीशी एक बाई. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पुढचा एक दात पडलेला. हातात पितळेचा टोप.

"हाजराचा टोप हाय. माज्याकडं ऱ्हायला व्हता," ती म्हणाली. "रिकामा कसा परत देऊ गो? तांदूळ घाल त्यात आनि तूच नेऊन दे. सांग तिला, ईदची खीर अगदी गोड झाली व्हती."

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे काय मला सांगायला हवं? मी टोप घेऊन आत वळले, कणगीतून भरला, बाहेर बघते तर बाई गेलेली! घाईत असेल, म्हटलं. टोपाच्या काठाखाली हाजराचं नाव कोरलेलं होतं.

हाजराने त्या नावावरून बोट फिरवलं. "हा तुला कुनी दिला?"

मी बाईचं वर्णन केलं, खिरीचा निरोप सांगितला. तिने टोप खाली ठेवला.

"रखमा ती. शेजारीण माझी. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला ह्याच टोपातनं तिला खीर धाडलेली. साखर समजून मीठ घातलेलं मी! लाजेनं टोप मागायला पन गेले नाय. मग ती तापानं गेली, नि लेक सगळं सामान घेऊन मुंबईला गेला."

आणि एकाएकी ती खो खो हसत सुटली, डोळ्यांतून मात्र पाणी. "गोड म्हनते! मेली तरी खोडी काढायची सोडली नाय बयेनं!"

टोप तिने ठेवून घेतला. शेजारणीकडून परत आलेलं भांडं कोण नाकारील? थोड्या वेळाने चुलीवर भात रटरटायला लागला, पोरं भोवती कोंडाळं करून बसली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच रडले.

पुढे आम्ही पद्धतच बदलली. गरजू घरातून आधी एखादं भांडं उसनं आणायचं, मग भरून परत करायचं. अडलेल्या माणसाला तांदळाइतकीच बरोबरीही लागते, हे मला तेव्हा उमगलं.

आमचे हे म्हणाले, "मुंबईहून रखमाची कुणी नातेवाईक आली असेल." असेलही! पण तशी बाई त्या दिवशी आळीत दुसऱ्या कुणीच पाहिली नव्हती. आणि ती मिठाची थट्टा...?

गणपतीनंतर हाजराचा नवरा सुखरूप आला. ती तोच टोप तांदळाने भरून कणगीपाशी घेऊन आली. वर एक पुडी.

"ही कसली?"

"साखर. रखमा परत आली तर दे. म्हनावं, चाखून बघ, मीठ नाय!"

दर ईदला ती पुडी बदलायचं हाजराने शेवटपर्यंत सोडलं नाही. आता मी बदलते. ती बाई कोण, ते मला अजून कळलेलं नाही. पण आलीच, तर साखर तयार आहे.